“हे काय फौज आहे का?” : तटरक्षक दल निवडताना गोदाकाठच्या एका घराने काय काय तोललं

पार्श्वभूमी

मराठवाड्याला समुद्र नाही. आठ जिल्ह्यांपैकी एकाचीही हद्द किनाऱ्याला लागत नाही. आमच्या अकॅडमीत येणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला असतो तो मुंबईला पोलीस भरतीच्या ग्राउंडला गेल्यावर, तोही परतीची गाडी गाठायच्या घाईत. तरी कोस्टगार्डच्या, म्हणजे तटरक्षक दलाच्या, नाविक पदाचे अर्ज इथून नेमाने भरले जातात. अर्ज ऑनलाइन असतो आणि शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटरची धाव सात मिनिटांत काढायची असते. पोलीस भरतीसाठी पोरं रोज पहाटे सोळाशे मारतातच, त्यामुळे “एक फॉर्म हाही टाकून ठेव” इतक्या सहजपणे तो अर्ज जातो. निवड होऊ लागली की मग घरात प्रश्न पडतो: हे नेमकं खातं कसलं?

ही हकीकत बीड जिल्ह्यातल्या एका घराची. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. मुलाला सुदर्शन म्हणू. वडिलांना गावात आप्पा म्हणतात. साडेतीन एकर रान, त्यात कापूस आणि सोयाबीन. आई, बारावीला असलेली धाकटी बहीण, आणि शेजारच्या तालुक्यात राहणारे मामा. मामा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरातला कुठलाही मोठा निर्णय, मग तो बोअर घ्यायचा असो की सोयरीक जोडायची, मामांना विचारल्याशिवाय होत नाही.

२०२५च्या उन्हाळ्यात सुदर्शन एकोणीस वर्षांचा होता. बारावी शास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही विषय घेऊन पास. कोस्टगार्डच्या नाविक (जनरल ड्यूटी) पदाची लेखी परीक्षा तो पास झाला होता आणि नौदलाच्या अग्निवीर भरतीतही नाव पुढे सरकलं होतं. मी अकॅडमीत गणित आणि सामान्य ज्ञान शिकवतो. पालकांशी बोलायचं काम बहुतेकदा माझ्याच गळ्यात पडतं, तसं हेही पडलं.

पेच

२२ एप्रिलला पहलगाम झालं आणि ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर. पुढचे तीन-चार दिवस गावोगावी टीव्ही बंदच झाला नाही. तोवर आप्पांच्या घरी “पोरगं सरकारी नोकरीला लागायलंय” एवढाच आनंद होता. आता त्यात युद्ध शिरलं.

मामा येऊन बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “सर, पोरगं वर्दी घालणार म्हणून माझी छाती फुगली होती. पण मी चौकशी केली. हे कोस्टगार्ड म्हणजे समुद्रावरचे होमगार्ड. लढाई लागली की नेव्ही पुढं जाणार, अन् हा बंदराजवळ कोळ्यांच्या होड्या मोजत बसणार. हे काय फौज आहे का? जायचं तर नेव्हीत जा म्हणावं, अग्निवीर तर अग्निवीर.”

आईचं उलट. तिला लढाईच नको होती. “जमिनीवर असलं तर पळता तरी येतं. पाण्यात लेकरू कुठं जाईल?”

आणि आप्पांना या दोघांच्या मधला रस्ता सापडला होता. त्यांच्या मते कोस्टगार्डला लढाई नसते, म्हणून तेच बरं. पगारही आणि जीवही.

तिघांची मतं तीन, पण कोस्टगार्ड युद्धात काहीच करत नाही आणि शांततेत त्याला धोका नसतो हे तिघांनीही धरूनच चाललं होतं. मामांना त्याची लाज वाटत होती, आप्पांना त्याचाच आधार होता. हे गृहीतक चुकीचं ठरलं तर तिघांचाही हिशेब नव्याने मांडावा लागणार होता. सुदर्शन स्वतः गप्प होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “सर, तुम्ही सांगाल ते.” एकोणीस वर्षांच्या पोराचं हे उत्तर मला कधीच आवडत नाही.

समोरचे पर्याय

पहिला, कोस्टगार्ड नाविक. सुरुवातीचं मूळ वेतन २१,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. कायम नोकरी, पन्नाशीच्या पुढेपर्यंत. ही भरती चार वर्षांच्या अग्निपथ योजनेत येत नाही.

दुसरा, नौदलाचा अग्निवीर. चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपयांचं पॅकेज, चौथ्या वर्षी ४०,०००. पण त्यातला तीस टक्के हिस्सा सेवा निधीत जातो. चार वर्षांनी व्याजासह साधारण ११.७१ लाख रुपये हातात आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना पुढे कायम घेणार. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

तिसरा, राज्य पोलीस भरतीची वाट बघायची. जाहिरात तेव्हा निघालेली नव्हती. मात्र निवड झाली तर घराजवळ नोकरी, आणि आमच्याकडे या एका गोष्टीला फार वजन आहे.

पदवीला प्रवेश घेऊन स्पर्धा परीक्षा द्यायचा चौथा पर्याय बहिणीने काढला होता, पण पैशाअभावी त्यावर कुणी फार बोललं नाही.

पहिला निर्णयबिंदू : युद्धात हे दल काय करतं?

मामांना नुसतं समजावून भागणार नव्हतं, त्यांना कागद लागतो. म्हणून तटरक्षक दलाचा १९७८चा कायदाच काढून नेला. त्याच्या अगदी सुरुवातीला हे दल “संघराज्याचं सशस्त्र दल” म्हणून उभं केल्याचं लिहिलं आहे. ते संरक्षण मंत्रालयाखाली आहे, गृह मंत्रालयाखाली नाही. अमेरिकेचं तटरक्षक दल शांततेत त्यांच्या अंतर्गत सुरक्षेच्या खात्याकडे असतं आणि युद्धात नौदलाकडे जाऊ शकतं. आपल्याकडे ते पहिल्यापासून संरक्षण खात्यातच आहे, आणि युद्धकाळात नौदलाच्या हुकमाखाली काम करतं.

काम म्हणजे काय, हे मामांना त्यांच्या भाषेत सांगावं लागलं. नौदलाची मोठी जहाजं खोल समुद्रात शत्रूच्या मागावर गेली की मागे बंदरं उरतात, मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींचे फलाट उरतात, तेल घेऊन येणारी व्यापारी जहाजं उरतात आणि हजारो मासेमारी बोटी उरतात. या सगळ्याची राखण, किनाऱ्यालगतच्या जहाजांना सोबत, संशयित बोट अडवून तिची ओळख पटवणं, आणि एखादं जहाज बुडालं किंवा विमान समुद्रात पडलं तर त्यातली माणसं उचलणं, हे तटरक्षक दलाकडे येतं. कारगिल युद्धात, १९९९ साली, डोंगरावर लढाई चालू असताना नौदलाने अरबी समुद्रात ऑपरेशन तलवार उभं केलं होतं. तेव्हा तटरक्षक दलही किनाऱ्याजवळ आणि सागरी सीमेवर पाळत ठेवून होतं.

हेही सांगितलं की या दलाच्या जहाजांवर क्षेपणास्त्रं नसतात, पाणतीर नसतात. मोठ्या गस्तीनौकांवर ३० मिलिमीटरची तोफ आणि जड मशीनगन असते. त्यामुळे कराचीवर चालून जायचं स्वप्न असेल तर ते या पांढऱ्या जहाजावरून पुरं होणार नाही. पोरांना हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर वर्षभराने फोन येतो.

मामा म्हणाले, “म्हणजे मागं राहून राखण.”

त्यावर बहीण पटकन बोलली, “मामा, तुम्ही तरी कुठं गोळी चालवली? तुम्ही तर गाडी चालवायचात.”

मामा एएससीत, म्हणजे लष्कराच्या रसद खात्यात होते, काश्मीरच्या रस्त्यांवर रसदीचे ट्रक नेत. क्षणभर सगळे गप्प. मग मामाच हसले. त्या एका वाक्याने जे काम केलं ते मी नेलेल्या कायद्याच्या कागदाने केलं नसतं. रसदीच्या ताफ्याला बाजूने संरक्षण नसलं तर पुढची चौकी किती दिवस टिकते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

होड्या मोजण्याचा मुद्दा मात्र राहिला होता आणि तो महत्त्वाचा होता. मार्च १९९३च्या मुंबई स्फोटांसाठीचं साहित्य रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं होतं; त्यानंतरच नौदल आणि तटरक्षक दलाने महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर ऑपरेशन स्वान ही गस्तीची मोहीम सुरू केली. २६/११चे दहा अतिरेकी ‘कुबेर’ नावाच्या आपल्याच मासेमारी बोटीवरून मुंबईजवळ आले. बोटीचा नंबर खरा, बांधणी आपली, फक्त माणसं बदललेली. ती बोट हजारोंच्या गर्दीत कुणाला वेगळी दिसली नाही. त्यानंतर २००९मध्ये किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातल्या सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलावर टाकली गेली, त्यात सागरी पोलिसांच्या गस्तीच्या भागाशी मेळ घालणंही आलं. होड्या मोजणं हे कमीपणाचं काम आहे असं यानंतर निदान मामा तरी म्हणाले नाहीत.

दुसरा निर्णयबिंदू : शांतता म्हणजे सुरक्षित?

आप्पांचं समाधान मोडणं जास्त अवघड होतं, कारण ते समाधान होतं. पण पोराला पाठवायचंच तर माहितीनिशी पाठवावं.

त्यांना पोरबंदरच्या दोन दुर्घटना सांगितल्या. २ सप्टेंबर २०२४च्या रात्री तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर एका तेलवाहू जहाजावरच्या जखमी खलाशाला आणायला गेलं आणि समुद्रात कोसळलं. ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरच्याच विमानतळावर त्याच जातीचं हेलिकॉप्टर पडून तिघे गेले. दोन्ही वेळा कुठलंही युद्ध चालू नव्हतं. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. आईने तेवढ्यात चहा आणला, तो तसाच राहिला.

शांततेतलं काम कायद्याच्या चौदाव्या कलमात लिहिलेलं आहे: समुद्रातले फलाट आणि इतर बांधकामं यांचं रक्षण, मच्छीमारांना संरक्षण आणि संकटात मदत, सागरी प्रदूषण रोखणं, तस्करीविरुद्ध कस्टमला साथ, सागरी हद्दीचे कायदे पाळायला लावणं, समुद्रातल्या जीवित-वित्ताची सुरक्षितता, शास्त्रीय माहिती गोळा करणं. हे वाचून घरातल्या कुणाच्याच डोळ्यांसमोर काही उभं राहिलं नाही. मग प्रसंग सांगितले.

१७ नोव्हेंबर २०२४ला गुजरातजवळ सागरी सीमेपाशी पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेच्या जहाजाने ‘काळभैरव’ ही मासेमारी बोट पकडली आणि सात मच्छीमारांना घेऊन ते निघालं. आपल्या तटरक्षक दलाच्या जहाजाने जवळपास दोन तास पाठलाग केला आणि साती जणांना सोडवून आणलं. यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, ४ डिसेंबरला ‘अल पिरानपीर’ हे मालवाहू गलबत बुडालं. पोरबंदरहून इराणकडे निघालेलं, वर बारा भारतीय खलाशी. ते छोट्या होडीत उतरले होते आणि जागा पाकिस्तानच्या शोध-बचाव क्षेत्रात होती. तेव्हा त्याच पाकिस्तानी यंत्रणेशी संपर्क ठेवून, त्यांच्या विमानाची मदत घेऊन, आपल्या जहाजाने बाराही जणांना उचललं.

सुदर्शनने पहिल्यांदा तोंड उघडलं ते इथे. “सर, म्हणजे ज्याच्या मागं लागायचं त्यालाच फोन करायचा?”

हो, आणि कधी कुठलं करायचं हे हुकमावर आणि हद्दीवर ठरतं. या दलाचं शांततेतलं काम मला इथेच समजतं. समोरचा शत्रू आहे की संकटातला माणूस आहे हे ठरवायला अनेकदा काही मिनिटं असतात, आणि बंदूक दोन्ही वेळा हातात असते. एप्रिल २०२५मध्ये याच सीमेजवळ गुजरात एटीएसच्या साथीने केलेल्या कारवाईत अमली पदार्थांची तीनशे किलोंहून जास्त खेप हाती लागली. तस्करांनी ती समुद्रात फेकून सीमेपलीकडे पळ काढला होता. पळणाऱ्याच्या मागे जायचं की पाण्यात पडलेला माल आधी उचलायचा, हाही निर्णयच.

आणि आमची ही चर्चा चालू असतानाच केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनर जहाज २५ मे रोजी बुडालं. वर २४ जण होते. त्यातल्या २१ जणांना तटरक्षक दलाने आणि उरलेल्या तिघांना नौदलाने वाचवलं. जहाजात ६४० कंटेनर, काहींमध्ये पाण्याशी संपर्क आला की पेट घेणारा वायू सोडणारं कॅल्शियम कार्बाइड. कॅल्शियम कार्बाइड म्हणताच आप्पा म्हणाले, “आंबे पिकवायची पावडर?” तीच. तेवढ्या एका ओळखीच्या वस्तूमुळे समुद्रावरचं प्रदूषण म्हणजे काय हे त्यांना पटलं.

हे दल का उभं राहिलं हेही त्या ओघात आलं. साठ-सत्तरच्या दशकात सोन्या-चांदीची तस्करी समुद्रावरून चाले, कस्टमच्या बोटी तोकड्या पडत आणि वारंवार नौदलाला बोलवावं लागे. १९७४मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायला तेल लागलं. १९७६च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर आपला आर्थिक हक्क आला, म्हणजे जवळपास २० लाख चौरस किलोमीटर. एवढ्याची रोजची राखण युद्धनौकांनी करायची तर त्यांचा लढाईचा सराव कधी व्हायचा? रुस्तमजी समितीच्या शिफारशीवरून १ फेब्रुवारी १९७७ला हंगामी दल उभं राहिलं, दोन जुन्या युद्धनौका आणि पाच गस्तीबोटी एवढ्या बळावर. पुढच्या वर्षी कायदा झाला.

तिसरा निर्णयबिंदू : वर्दी सारखी, हक्क सारखे नाहीत

मामांचा एक प्रश्न मात्र नेमका होता. “मला माजी सैनिकाचा दाखला आहे. ह्याला मिळेल का?”

नाही. केंद्राच्या माजी सैनिकाच्या व्याख्येत भूदल, नौदल आणि वायुदल येतात, तटरक्षक दल येत नाही. पेन्शनही तिन्ही दलांसारखी नाही, अंशदायी आहे, म्हणजे दरमहा पगारातून हिस्सा जातो. कायदा सशस्त्र दल म्हणतो आणि सवलतींच्या कागदावर वेगळी रांग लागते. मला स्वतःला हे पटत नाही, पण माझ्या पटण्यावर पोराचं भविष्य ठरणार नव्हतं.

दुसऱ्या बाजूला अग्निवीर होऊन चार वर्षांत बाहेर पडणाऱ्यालाही माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. म्हणजे मामांच्या पसंतीच्या वाटेवर चारांपैकी तिघांना तो दाखला मिळणारच नव्हता. हा हिशेब मामांनी वहीच्या मागच्या पानावर स्वतः लिहून काढला: चार वर्षांचे पैसे, तेविसाव्या वर्षी परत भरतीच्या रांगेत उभं राहणं, तोवर बहिणीचं लग्नाचं वय. आप्पांच्या घराला अकरा लाख एकदम मिळणं मोठं वाटलं होतं. मामांनीच विचारलं, “अकरा लाखाचं काय करशील? अजून दोन एकर कोरडवाहू घेशील?”

माझं मत मी सांगितलं, पण शेवटी. पोराला समुद्रच हवा असेल, कामात रोजचं पोलिसीपण आणि रोजची मदत दोन्ही चालत असेल, तर कोस्टगार्ड. लढाऊ जहाजाचीच ओढ असेल आणि चार वर्षांनंतरची अनिश्चितता झेपत असेल, तर नौदल. घराजवळच राहायचं असेल तर दोन्ही सोडून पोलीस भरतीची तयारी. सुदर्शनने दोन दिवसांनी येऊन सांगितलं, कोस्टगार्ड. कारण विचारलं तर म्हणाला, “तो बारा माणसांचा प्रसंग डोक्यातून जायना.”

मामांची शेवटची अढी एका गोष्टीने निघाली. नौदलाचे अग्निवीर आणि तटरक्षक दलाचे नाविक या दोघांचंही प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथेच होतं.

प्रत्यक्षात काय केलं

निर्णय झाल्यावर तीन कामं होती आणि तिन्ही गोष्टींत वेळ गेला.

कागद. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या. आमच्याकडे ही अडचण इतकी सर्रास आहे की आता मी पहिल्याच दिवशी पोरांना सगळे दाखले जमिनीवर ओळीने मांडायला लावतो. दुरुस्तीला आधार केंद्राच्या खेपा झाल्या. निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर मूळ कागद तपासले जातात, चिल्काला पोचल्यावरसुद्धा.

वैद्यकीय तपासणी. डोळे, रंगांची ओळख, दात, कानातला मळ, सपाट तळवा. आधीच तालुक्याच्या डॉक्टरांकडून पाहून घेतलं. कानात मळ निघाला, तो काढला. एवढ्याशा कारणावरून पोरं ताटकळतात.

आणि पोहणं. सुदर्शन कमरेला रिकामा कॅन बांधून विहिरीत शिकलेला. काठावरून सूर मारायला वस्ताद. पण मे महिन्यात गावच्या विहिरीने तळ गाठला होता, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या जलतरण तलावावर पाठवलं. तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी दोष दाखवला. विहिरीत शिकलेली पोरं मान वर काढून पोहतात. विहीर चार हातांवर संपते, मग कठडा धरता येतो, म्हणून ते चालतं. लांब अंतराला मान आणि खांदे भरून येतात, कंबर खाली बसते आणि माणूस जागच्या जागी हातपाय मारत राहतो. तोंड पाण्यात घालून, बाजूला वळून श्वास घ्यायला त्याला महिना लागला. पहिले आठ दिवस नाकात पाणी जाऊन डोळे लाल करून यायचा. धावण्यात पहिला येणारं पोरगं पाण्यात लहान मुलांच्या लेनमध्ये उभं होतं, आणि ते त्याने सोसलं.

सोळाशेची चिंता नव्हतीच. पोलीस भरतीत पूर्ण गुणांसाठी पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. त्या तयारीच्या पोराला सात मिनिटं म्हणजे फिरायला जाणं.

काय झालं

निवड झाली आणि तो चिल्काला गेला. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस गोदावरीला महापूर आला. आप्पांचं सोयाबीन शेंगांसकट पाण्याखाली गेलं, कापसाची बोंडं काळी पडली, रानाची माती वाहून गेली. घरात पहिला विचार आला तो पोराला कळवायचं का. मामांनी ठरवलं, लगेच नाही. चारेक दिवसांनी त्याला बातम्यांवरून कळलंच, आणि आपल्याला आधी सांगितलं नाही याचा त्याला राग आला. हट्टाने परत यायची भाषा त्याने केली. तेव्हा आईने फोनवर सांगितलं, “तू येऊन काय गाळ उपसणार? तिथंच राहा.” पाण्याला सगळ्यात जास्त घाबरणारी तीच होती. मधल्या काळात शेजारच्या वस्तीवरची माणसं बचाव पथकाच्या बोटीतून निघताना तिने पाहिली होती. त्याचा परिणाम किती आणि घरखर्चाची चिंता किती, हे मी ठरवू शकत नाही.

प्राथमिक प्रशिक्षण पुरं करून सुदर्शन आता पश्चिम किनाऱ्यावर जहाजावर आहे. पहिले काही दिवस त्याला बोट लागली, म्हणजे अन्न पोटात ठरेना. रोजचं काम बरंचसं मासेमारी बोटींवर चढून तपासणीचं: नोंदणीचा कागद, माणसांची ओळखपत्रं, लाइफ जॅकेट, संकटात संदेश देणारं यंत्र चालू आहे का. एकदा त्याने सांगितलं की बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, काय बोलतो याच्यापेक्षा बाकीचे खलाशी कुठे बघतात ते आधी पाहायला वरिष्ठांनी शिकवलंय. मामा हे गावात सगळ्यांना सांगतात. पगार घरी येतो, त्यातून रानात गाळाची माती टाकून झाली.

सगळंच गोड झालं असं नाही. राज्य पोलीस भरती पुढे निघाली तेव्हा त्याच्या बरोबरीच्या दोन मित्रांनी तिची तयारी धरली. दिवाळीला घरी नसणं त्याला जड गेलं आणि आप्पांना त्याहून जड गेलं. अंशदायी पेन्शनची पहिली कपात पगारात दिसली तेव्हा आप्पांनी मला फोन करून विचारलं की पैसे का कमी आले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे दलात नोकरी केलेल्या माणसाशी या घराची गाठ पडली नाही. कायदा, बातम्या आणि व्हिडिओ यांवर निर्णय झाला. मराठवाड्यात निवृत्त सैनिक प्रत्येक तालुक्यात भेटतात, निवृत्त नाविक शोधावा लागतो. तरी रत्नागिरी, मुरुड, डहाणू इथे तटरक्षक दलाची केंद्रं आहेत आणि आपल्याकडची काही पोरं तिथे आहेत. सुट्टीवर आलेल्या एकाशी तासभर बोलणं झालं असतं तर बोट लागणं, घरी यायच्या सुट्ट्या, बदल्या, लग्नानंतरच्या क्वार्टरचा प्रश्न हे आधीच समोर आलं असतं.

आईचं मत सगळ्यात शेवटी विचारलं गेलं. बैठकीत ती चहा आणायला आत-बाहेर करत होती आणि तिचे प्रश्न खरे होते: वादळाची सूचना आल्यावर जहाज बंदरात परततं की बाहेर जातं? उत्तर असं की मासेमारी बोटींना परत पाठवायला तटरक्षक दलाची जहाजं आणि विमानं बाहेर जातात. हे तिला नंतर पोराकडूनच कळलं. आधी कळलं असतं तर ती कदाचित जास्त घाबरली असती, कदाचित नसती; पण विचारायचा हक्क तिचा होता.

पेन्शन आणि माजी सैनिकाच्या दर्जाचा मुद्दा मामांनी काढला म्हणून निघाला. ज्या घरात मामा नाहीत तिथे तो निघतच नाही. आता आम्ही अकॅडमीत अर्ज भरतानाच कोस्टगार्ड, अग्निवीर आणि पोलीस यांचे सेवाशर्तींचे मुद्दे एका कागदावर समोरासमोर लिहून पालकांची सही घेतो. काही पालक चिडतात, सहीची भानगड कशाला म्हणतात.

पोहण्याची तयारी उन्हाळ्यावर टाकू नये. आमच्याकडे विहिरींना आणि बंधाऱ्यांना पाणी असतं ते दिवाळीपर्यंत. शिकायचं तर तेव्हा, आणि मान खाली घालून.

या घरातला पुढचा अर्ज बहिणीचा आहे. नाविक पदाची भरती फक्त मुलांसाठी असते, त्यामुळे भावाची वाट तिला बंद. नौदलाच्या अग्निवीर भरतीत मात्र २०२२पासून मुली घेतात. तिने तो फॉर्म भरायचं ठरवलंय आणि सोळाशे मारायला पहाटे येते. मामा खूश आहेत. चार वर्षांनंतरचं काय, हा प्रश्न यावेळी आप्पांनी काढलाय, आणि पुढच्या रविवारी त्यांच्याकडे पुन्हा बसायचं ठरलं आहे.